धक्क्याची पिशवी

डहाणू-तलासरीकडच्या माणसाला भूकंपाची तीव्रता सांगायला यंत्र लागत नाही. भांडी नुसती किणकिणली तर अडीच. मांडणीवरचा डबा पुढे सरकला तर तीन. आणि सासूबाई सुनेच्या आधी अंगणात पोचल्या तर साडेतीनच्या वर. राष्ट्रीय भूकंप विज्ञान केंद्राचं ‘भूकंप’ नावाचं अ‍ॅप आकडा दाखवतं, नाही असं नाही. पण तो येईपर्यंत इकडे पैज लागून चहाही कोणी पाजायचा हे ठरलेलं असतं. “मी म्हटलं होतं ना, तीन पॉइंट दोन!” असं सांगणारा गृहस्थ प्रत्येक आळीत एक तरी असतोच. धक्का बसल्याचं दुःख त्याला नसतंच. अंदाज बरोबर आल्याचा आनंद मात्र तो आठवडाभर पुरवून खातो.

हे सगळं सुरू झालं नोव्हेंबर 2018 मध्ये. धुंदलवाडी, हळदपाडा, सासवंद, दापचरी, आंबेसरी, चिंचले ही नावं तोवर मुंबईच्या वर्तमानपत्रांत क्वचित यायची. मग जमीन हलायला लागली आणि थांबायचं नाव घेईना. एकदाच काय ते हलून मोकळं व्हायचं, हे तिला मान्य नव्हतं. लहान लहान धक्के. आधी शेकड्यांनी, मग हजारांनी. बरेचसे इतके हलके की फक्त यंत्रालाच कळावेत. पण जे माणसाला कळायचे ते आधी जमिनीच्या पोटातून ‘धडाम’ करून वर्दी द्यायचे. हैदराबादहून राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेची माणसं आली, यंत्रं बसली, नकाशे निघाले. 1 फेब्रुवारी 2019 या दिवशी 4.1 तीव्रतेचा धक्का बसला. किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप 6.2 चा होता. तीव्रतेचा एक आकडा वाढला की ऊर्जा साधारण बत्तीस पटींनी वाढते, म्हणजे किल्लारीत बाहेर पडलेली ऊर्जा आपल्या धक्क्याच्या हजार पटींहून जास्त. हे गणित अगदी बरोबर आहे. रात्री अडीच वाजता कौलं वाजायला लागली की ते कोणालाही सोडवता येत नाही, एवढाच त्यात दोष.

त्या हिवाळ्यात गावंच्या गावं अंगणात झोपली. ताडपत्र्या आल्या, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे तंबू आले, मुलांचे वर्ग झाडाखाली भरले. घर आहे, दार आहे, कुलूपसुद्धा आहे, आणि घरातली माणसं मात्र थंडीत बाहेर कुडकुडताहेत! पाहुणा आला तर त्याला “आत या” म्हणायचं की “बाहेरच बसा” म्हणायचं, यात कोणता पाहुणचार आणि कोणता अपमान, हे ठरवणं कठीण झालं.

अशा वेळी सरकारी शिकवणी येते. ती आली, आणि गरजेचीच होती. 1 फेब्रुवारीला हळदपाड्यात घाबरून बाहेर पळण्याच्या गडबडीत पडून दोन वर्षांची मुलगी गेली. त्या घराची भिंत तिच्या अंगावर आली नव्हती. जमीन हलण्याइतकीच आपली पळापळही जिवावर बेतते, हे या भागाला फार महाग शिकावं लागलं. म्हणून शिकवणारे घसा फोडून सांगतात, ‘धक्का बसला की खाली बसा, मजबूत टेबलाखाली जा, टेबलाचा पाय घट्ट धरा, हादरा थांबला की मग शांतपणे बाहेर या.’

सल्ला लाखमोलाचा. अडचण फक्त टेबलाची. पाड्यावर टेबल नसतं. तिथल्या जुन्या घरांच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, वर माती-शेणाचा लेप. त्या अंगावर आल्याच तर हाताने बाजूला करता येतात. सरकारी पत्रकात ज्याला ‘कच्चं घर’ म्हणतात ते हादऱ्यात डोलतं आणि पुन्हा उभं राहतं. ज्याला ‘पक्कं’ म्हणतात, त्याच्या विटांना आडव्या-उभ्या चिरा जातात. डहाणू गावातल्या फ्लॅटमध्ये टेबल असतं, पण ते जेवणाचं. वर काच. काचेवर लोणच्याच्या बरण्या, मोसंबी, चष्मा, औषधांच्या पट्ट्या, लाइटचं बिल. खाली इस्त्रीच्या कपड्यांचं बोचकं, बाबांचा वजनकाटा आणि फुटलेली बादली, जी ‘कुंडीला होईल’ म्हणून ठेवलेली असते. या टेबलाखाली घुसायचं तर सहा महिने आधी अर्ज द्यावा लागेल.

शिकवणीचा दुसरा धडा पिशवीचा. प्रत्येक घरात एक आपत्कालीन पिशवी भरलेली असावी. तीन दिवस बाहेरून काही मिळालं नाही तरी घरातल्या घरात, नाहीतर घरासमोरच्या अंगणात, निभावता यावं. यादी छापील आणि नेटकी असते. पिण्याचं पाणी, कोरडा खाऊ, बॅटरी आणि जादा सेल, बॅटरीवरचा रेडिओ, प्रथमोपचाराची पेटी, रोजची औषधं, शिट्टी, दोरी, चाकू, काड्यापेटी, रोख पैसे, कागदपत्रांच्या प्रती, पायात घालायला जाड तळाचे बूट. यादी वाचून घरातले सगळे माना डोलावतात. मग पिशवी भरायला बसतात, आणि खरा भूकंप तिथे होतो.

आजीचं पहिलं सामान देवघरातला बाळकृष्ण. त्याला विरोध करायची कोणाची छाती नाही. पण बाळकृष्ण आला की त्याचं ताम्हन आलं, ताम्हनापाठोपाठ समई आली, आणि समईने पिशवीचा तळ फाडला. बाबांनी सातबाराचे उतारे आणले. तेही साधे नाहीत, आजोबांच्या वेळेपासूनचे. “जमीन हलली तरी मालकी हलता कामा नये,” हे त्यांचं म्हणणं. मुलगा तीन चार्जर घेऊन आला, त्यातले दोन कोणत्या फोनचे हे त्यालाही सांगता येईना. आईने एक स्टीलचा डबा ठेवला आणि वर सांगितलं, “हा हरवायचा नाही हं, माझ्या माहेरचा आहे.” काकांनी सुचवलं की पत्त्यांचा जोड हवा. सगळे हसले. तंबूत रात्र काढावी लागली असती तर यादीतली सगळ्यात जास्त वापरली गेलेली वस्तू तीच ठरली असती, हे मात्र कोणी कबूल केलं नाही.

सगळ्यात मोठी चकमक पाण्याची. माणशी दिवसाला चार लिटर धरा. पाच माणसं, तीन दिवस. झाले साठ लिटर, म्हणजे साठ किलो. ही पिशवी उचलून धावायचं म्हटलं तर भूकंपाआधी पाठीचा मणका जाईल. “मग पाणी पिशवीत कशाला? हंडे आहेत की!” आजीने एका वाक्यात निकाल लावला. पिशवीत लिटरच्या दोन बाटल्या, बाकीचं पाणी झाकणाच्या कॅनमध्ये दाराजवळ, आणि पाणी शुद्ध करायला मेडिक्लोरची एक बाटली. विहिरीचं पाणी गढूळ झालं तर ते आधी गाळायचं, मग लेबलावर लिहिलेत तेवढेच थेंब टाकून अर्धा तास थांबायचं. ज्या तालुक्यांत उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन वाट तुडवतात, त्यांना पाणी साठवायची शिकवणी देणं म्हणजे घोलवडच्या बागायतदाराला चिकू कसा सोलायचा ते दाखवणं.

चिकूवरून खाऊचा विषय निघालाच. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पिशवीत त्याला जागा नाही. पिकलेला चिकू चौथ्या दिवशी स्वतःच आपत्ती होतो. त्याच्या सुकवलेल्या चकत्या मात्र टिकतात, त्या घ्या. शेजारच्या बेननी खाखऱ्याची पाकिटं दिली. ‘महिनोन् महिने कुरकुरीत,’ असं त्यांचं आश्वासन. गुजरातच्या सीमेला खेटून राहण्याचे जे फायदे आहेत त्यात खाखऱ्याचा क्रमांक बराच वरचा लागावा. भाजलेले शेंगदाणे, गूळ, चणे, कुरमुरे आले. मग आईने सुक्या बोंबलाची पुडी आणली. डहाणूच्या किनाऱ्यावर वलांडीवर वाळलेला, खडखडीत, वर्षभर टिकणारा. तत्त्वतः याहून चांगलं आपत्कालीन अन्न नाही. पण बोंबील ठेवल्यापासून पिशवीचा ठावठिकाणा इमारतीतल्या प्रत्येक मांजराला कळला. एक मात्र खरं, दिवे गेल्यावर काळोखात पिशवी शोधायला बॅटरीची गरज उरली नाही.

बॅटरी म्हणजे टॉर्च. टॉर्च पिशवीत टिकते, सेल टिकत नाहीत. सेलना घरात फिरायची सवय असते. रविवारी सामना ऐन रंगात असताना टीव्हीचा रिमोट मरतो आणि सेल पिशवीतून रिमोटमध्ये जातात. तिथून ते घड्याळात जातात, घड्याळातून मुलाच्या गाडीत, आणि गाडीतून पलंगाखाली. दूरवरच्या मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणारं 500 मेगावॅटचं औष्णिक केंद्र आमच्या गावात आहे. ते उशाशी असताना सेल शोधत चाचपडणारं गाव दुसरं नसेल. मेणबत्तीचा मोह होतो, पण तो आवरावा. धक्क्यानंतर गॅसची नळी निसटलेली असू शकते. आधी रेग्युलेटर बंद, मग खिडक्या उघड्या, वास येत असेल तर विजेच्या बटणालाही हात नाही. काडी पेटवण्याचं तर नावच नको.

खाऊची गत सेलांपेक्षा वाईट. बिस्किटांचा पुडा ‘आपत्कालीन’ आहे, हे मान्य. पण रात्री साडेअकराची भूक ही आपत्ती नाही, असं ज्याने लिहून ठेवलंय तो कधी अभ्यासाला बसला नसावा. रोख पैशांचं तेच. पाचशे रुपये सुटे करून ठेवले, की भाजीवाली, रिक्षावाला आणि गणपतीची वर्गणी यांना ते बरोबर कळतं. आठवड्याने पिशवीत एक चिठ्ठी सापडते, ‘200 घेतले, देतो.’ सही नाही.

आणि कागदपत्रं! आधार कार्ड, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, जातीचे दाखले, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, सगळं प्लास्टिकच्या पाकिटात घालून पिशवीत. यादीत ‘प्रती ठेवा’ असं म्हटलेलं असतं. घराघरांत अस्सल प्रत आत जाते आणि झेरॉक्स बाहेर राहते. मग रेशन दुकानात केवायसीला कार्ड हवं असतं तेव्हा घरात जो हादरा बसतो, त्याची नोंद कुठल्याच यंत्रावर होत नाही. कार्ड पिशवीत आहे, हे कोणाला आठवत नाही. कारण पिशवी सुरक्षित ठिकाणी ठेवलेली असते, आणि आपल्याकडे सुरक्षित ठिकाण म्हणजे जे ठेवणाऱ्यालाही सापडत नाही ते.

2020 साल उजाडलं आणि पिशवीची खरी परीक्षा आली. मार्चअखेर देशभर टाळेबंदी. सगळीकडून एकच आवाज, ‘घरातच राहा.’ इथे जमिनीचं म्हणणं नेमकं उलटं, ‘बाहेर पडा.’ जूनच्या 3 तारखेला निसर्ग चक्रीवादळ आलं. ते अलिबागच्या बाजूला जमिनीवर आलं, पण इशारा पालघरच्या किनाऱ्यालाही होता. त्याचं म्हणणं तिसरंच, ‘कच्च्या घरात राहू नका, पक्क्या इमारतीत जा.’ सप्टेंबरात धक्के पुन्हा वाढले. म्हणजे विषाणूसाठी आत, भूकंपासाठी बाहेर, वादळासाठी दुसऱ्याच्या घरात, आणि तिथे पोचल्यावर मास्क लावून सहा फूट लांब! एका माणसाने एकाच वर्षात इतके सल्ले तंतोतंत पाळायचे तर तो उंबरठ्यावर एक पाय आत आणि एक बाहेर ठेवूनच जगला असता. आमच्याकडे बरेच जण तसेच जगले.

त्या वर्षात एक गोष्ट लक्षात आली. ज्यांच्याकडे छापील यादीबरहुकूम पिशव्या होत्या त्यांची तारांबळ उडाली, आणि ज्यांनी ‘आपत्कालीन’ हा शब्द उच्चारलाही नव्हता त्यांचं बऱ्यापैकी निभावलं. कारण किनाऱ्यावरच्या घरांत आगोटीची तयारी असतेच. पावसाच्या तोंडावर सुके बोंबील, जवळा, सोडे भरून ठेवायचे. तांदूळ, मसाला, मीठ, पापड यांची सोय करायची. पाड्यावर कणगीत भात असतो, नागली असते, पडवीत लाकडं रचलेली असतात. पूल पाण्याखाली गेला, गाडी आली नाही, दिवे चार दिवस गेले, तरी चूल पेटते. शिवाय आगोटीचं सामान कोणी ‘सुरक्षित ठिकाणी’ दडवून ठेवत नाही. ते रोज खाल्लं जातं, संपतं, दर वर्षी नवं भरलं जातं. बुरशी धरायला त्याला सवडच मिळत नाही.

दुसरी जिवंत पिशवी रोज पहाटे डहाणू रोड स्टेशनवर दिसते. 2013 पासून चर्चगेटची लोकल इथवर येते. चर्चगेट इथून सव्वाशे किलोमीटरच्या घरात. ही वाट रोज तुडवणाऱ्याची पिशवी उघडून पाहा. दोन डबे, पाण्याची बाटली, पॉवर बँक, छत्री, घडी केलेला रेनकोट, डोकेदुखीची गोळी, ओळखपत्र, सुटे पैसे, दोन बिस्किटपुडे आणि पत्ते. गाडी वैतरणेच्या खाडीअलीकडे पाच तास खोळंबली तरी हा माणूस उपाशी राहत नाही, उलट समोरच्याला अर्धी पोळी देतो. त्याने कुठलं प्रशिक्षण घेतलेलं नसतं. ती पिशवी तो रोज रात्री रिकामी करतो आणि रोज सकाळी भरतो, एवढंच.

म्हणून आमच्या घरी आता नवा कायदा झालाय. पिशवी कपाटात नाही, दाराच्या खुंटीला. त्यातला खाऊ खायची बंदी नाही. खाल्ला की त्याच दिवशी नवा ठेवायचा. सेल टॉर्चमध्ये न ठेवता बाजूला, चिकटपट्टीने गुंडाळून, म्हणजे रिमोटवाल्याला ते सोलताना थोडी तरी लाज वाटेल. अस्सल कागद कपाटात, पिशवीत झेरॉक्स, मोबाइलमध्ये फोटो. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या आठवड्याच्या. आणि दर महिन्याला नवी पट्टी आली की जुनी आधी वापरायची. साखर-मिठाच्या पुड्या बांधलेल्या. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, म्हणजे जुलाब झाले तर घरचं औषध तयार. बूट पलंगाखाली, कारण अंधारात पहिली जखम काचेनेच होते. शिट्टी आजीच्या उशाशी. तिने ती एकदा वाजवून पाहिली. आता दुपारच्या चहाला उशीर झाला तरी वाजवते, पण शिट्टी चालू स्थितीत आहे, याची रोज खात्री होते. दारामागे मोठ्या अक्षरांत क्रमांक: मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेला 108, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077, गॅस गळतीसाठी 1906. आणि कोणी काय उचलायचं, तेही ठरलंय. मुलाने आजीला, आईने पिशवीला, बाबांनी रेग्युलेटरला हात घालायचा. बाळकृष्णाला काका घेणार. ताम्हन आणि समईने स्वतःचं स्वतः बघावं.

आता तुमच्यासाठी एक काम, आणि त्याला बाजारात जावं लागणार नाही. पलंगाच्या वरच्या फळीवर काय काय ठेवलंय ते पाहा. लग्नातली पितळी परात, पुरणयंत्र, पाटा-वरवंटा, दहा वर्षांच्या दिवाळी अंकांचे गठ्ठे, बंद पडलेला मिक्सर ‘दुरुस्त होईल’ म्हणून. हे सगळं बरोबर तुमच्या डोक्याच्या वर असतं, आणि धक्का चारचा असो की सहाचा, ते खालीच येणार. पिशवी भूकंपानंतर उपयोगी पडते. तोवर शाबूत राहायचं असेल तर ती परात आधी खाली उतरवा. पिशवीला हजारभर रुपये लागतील, परातीला फक्त एक स्टूल लागतं. ते आजच लावा, आणि स्टूल धरायला कोणाला तरी उभं करा.